डायव्हर्शन : रस्त्याचे, पाण्याचे आणि पैशाचे

अमरावती ते अकोला हा रस्ता ज्यांनी एस.टी.च्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्यांना इंग्रजीतला एक शब्द कोणत्याही शिकवणीशिवाय पाठ झालेला आहे. तो शब्द म्हणजे डायव्हर्शन. बडनेरा सोडले की लोणी, पुढे मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असे करीत अकोल्याला पोहोचेपर्यंत पिवळ्या पाटीवरचा काळा बाण किती वेळा दिसायचा याची गणती नव्हती. ज्याला इंग्रजीची अक्षरओळखही नाही असा ट्रकचा क्लीनरसुद्धा खाली उतरून सांगायचा, "इकून नाई जमत भाऊ, डायवर्शन हाये, तिकून घ्या." हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता त्याला ५३ म्हणतात. क्रमांक बदलला तरी रखडलेले चौपदरीकरण, उखडलेली गिट्टी आणि धूळ तीच होती.

पुढे जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात विक्रम नोंदविला गेला. त्याआधीचा विक्रम कतार देशाच्या नावावर होता. ७५ किलोमीटर म्हणजे एकेरी पट्टा. दोन पदरांच्या हिशेबाने ते साडेसदतीस किलोमीटर होतात. तरीही काम मोठेच होते आणि रात्रंदिवस राबलेल्या मजुरांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. अर्थात वरचा थर पाच दिवसांत पडला म्हणून खालचे काम पाच दिवसांचे नसते. पण ज्यांनी त्याआधी अनेक वर्षे पाठीचे मणके मोजत प्रवास केला, ज्यांच्या घरातील बाळंतीण अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत जीव मुठीत धरून बसली, त्यांना विक्रमाच्या बातमीपेक्षा बाणाची पाटी निघाल्याचा आनंद अधिक झाला.

एवढ्यावरून हा शब्द वाईट ठरवू नये. रस्त्यावरचे डायव्हर्शन हा तसा प्रामाणिक प्रकार आहे. तेथे पाटी असते, बाण असतो, रात्री चमकणारा लाल दिवा असतो. सरळ रस्ता का बंद आहे हे डोळ्यांना दिसते. शिवाय तो वळणरस्ता फिरून पुन्हा मूळ रस्त्यालाच येऊन मिळतो, आणि काम संपले की पाटी उचलली जाते. ज्याला अकोल्याला जायचे आहे तो उशिरा का होईना, पण अकोल्यालाच पोहोचतो. त्याला परतवाड्याला नेऊन सोडत नाहीत.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधले. अर्थ बाजूला वळणे. त्यातून इंग्रजीत त्याला अनेक फांद्या फुटल्या. रस्ता वळवला तरी डायव्हर्शन, नदी वळवली तरी डायव्हर्शन, पैसा वळवला तरी तेच. थकल्याभागल्या माणसाने चार घटका गाणे ऐकले, पत्ते खेळले, तर त्या करमणुकीलाही इंग्रज डायव्हर्शनच म्हणतो, कारण मन चिंतेपासून बाजूला वळते. आणि लढाईत एका बाजूला खोटा हल्ला करून शत्रूला तिकडे गुंतवायचे आणि खरा घाव दुसरीकडे घालायचा, त्या डावपेचालाही हाच शब्द.

आपली मराठी या बाबतीत अधिक सावध आहे. ती प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द देते आणि त्यामुळे चोरी लवकर पकडता येते. रस्त्याला वळण, लांबून गेलो तर वळसा, मुद्दा टाळला तर बगल, खर्चाला कात्री लावली तर फाटा. पाटाचाही फाटा असतो आणि रस्त्याचाही फाटा असतो, पण 'फाटा दिला' म्हटले की ती गोष्ट गेलीच. सरकारी कचेरीत मात्र 'वळविणे' आणि 'वर्ग करणे' हे दोनच शब्द चालतात, ते इतके सोज्ज्वळ आहेत की कोणाचे काही हिरावले गेले असे वाटतच नाही. आणि आपल्या वऱ्हाडातील जुनी माणसे ज्याला चकवा म्हणत, म्हणजे रात्रभर शिवारात चालावे आणि उजाडल्यावर कळावे की आपण त्याच बांधावर गोल फिरत होतो, तोही एक डायव्हर्शनचाच प्रकार. भूत खरे नसते; पण चकवा लावणारे खरे असतात.

वळसा हा शब्द आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. गावातून सरळ जाणारी वाट असताना बाहेरून फिरून जा, पाणवठा जवळ असताना दूरच्या डबक्यावर जा, हे आपल्या आज्या-पणज्यांचे रोजचे डायव्हर्शन होते. त्याला पाटी नव्हती, पण प्रत्येकाला ठाऊक होते. आणि ते तात्पुरते नव्हते, हजारो वर्षांचे होते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न घेऊन १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा महाडच्या चवदार तळ्याला आठच महिने झाले होते. तळे काय किंवा मंदिर काय, मागणी एकच होती की सार्वजनिक वाट सर्वांना सरळ असली पाहिजे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी खुल्या करण्याचे पाऊल उचलले, त्याचेही महत्त्व यातच आहे.

आता पाण्याकडे वळू.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या भागातील माणसाला खारे पाणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. हातपंप हापसला तरी येणारे पाणी घशाखाली उतरत नाही, जमिनीला दिले तर जमीन खराब होते, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा येथे घरोघरी ऐकू येते. अशा मुलखात दुसरीकडचे गोडे पाणी वळवून आणणे ही चैन नाही. त्यामुळे 'पाणी वळविणे' या गोष्टीला सरसकट विरोध करणे आपल्याला परवडणारे नाही. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दहून नळगंगेपर्यंत ४२६ किलोमीटर आणण्याची जी योजना आहे, जिला २०२४ मध्ये राज्याने मान्यता दिली, तिच्या यादीत नागपूर, वर्धा, यवतमाळ यांच्यासोबत अमरावती, अकोला आणि बुलडाणाही आहेत. ३ लाख ७१ हजार हेक्टर भिजेल असा सरकारचा हिशेब आहे. भिजले तर चांगलेच. पण गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि तेथील विस्थापितांना आपल्या मोबदल्यासाठी किती वर्षे चपला झिजवाव्या लागल्या, हे ठाऊक असलेला माणूस नकाशावरच्या निळ्या रेषेकडे पाहून लगेच टाळ्या वाजवणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजना त्याच काळात त्यांच्या खात्याच्या देखरेखीखाली आकाराला आल्या. पूर हा शाप नसून अडवून वापरण्याची संपत्ती आहे, ही त्यांची भूमिका होती. एकाच पाण्याने शेती, वीज, वाहतूक आणि पूरनियंत्रण साधावे असे ते मांडत. तेव्हा पाणी वळवण्याला आंबेडकरी विचारात जागा आहे. प्रश्न असतो तो वळवलेले पाणी कोणाच्या दारात जाते याचा.

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे. ते बांधले गेले सिंचनासाठी. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भाला पॅकेज दिले, त्यातही सिंचनाचा अनुशेष हा मोठा भाग होता. आणि त्याच धरणातून नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी वर्षाला ८७ दशलक्ष घनमीटरहून अधिक पाणी देण्याचे ठरले. इंडियाबुल्सचा हा प्रकल्प आपल्याकडे 'सोफिया' या नावाने ओळखला गेला. २०१० च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. राज्यात २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा होता. पाण्याचे वाटप त्या प्राधिकरणाने करावयाचे होते. तरीही मंत्र्यांची उच्चाधिकार समिती पाणी उद्योगांकडे वळवीत राहिली. यावर प्रश्न उठला तेव्हा २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून मागच्या निर्णयांना संरक्षण देण्यात आले. म्हणजे गाडी आधी वळवली आणि पाटी नंतर लावली.

या सगळ्या वादात एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. सिंचनाचे पाणी गेले की 'इतके हेक्टर क्षेत्र बाधित' असा आकडा निघतो. हेक्टर ज्याच्या नावावर आहेत त्याचे नुकसान मोजले जाते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो त्या ओलिताच्या शेतात संत्रा तोडायला, गहू सोंगायला, निंदणाला जातो, त्याचे बुडालेले दिवस कोणत्याही रकान्यात येत नाहीत. शेत कोरडवाहू राहिले की उन्हाळ्यात त्याला सुरत किंवा पुणे गाठावे लागते. तो बहुतेक आपल्याच वस्तीतला असतो. पाण्याचे डायव्हर्शन होते तेव्हा माणसांचेही होते.

पाण्याच्या भांडणात गरिबाला गरिबाच्या समोर उभे करण्याचाही एक प्रकार आहे. तेल्हारा तालुक्यातील वान धरणाचे पाणी बाळापूरच्या खारपाणपट्ट्यातील ६९ गावांना पिण्यासाठी द्यायचे ठरले. वानच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी विरोध केला, योजनेला स्थगिती आली. मग एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. कोणत्या पक्षाचा आमदार, कोणाचे राजकारण, हे बाजूला ठेवले तरी दोन्हीकडची मागणी खोटी नव्हती. एकाच्या पिकाला पाणी हवे, दुसऱ्याच्या लेकराला प्यायला हवे. हे दोघे एकमेकांशी भांडत राहिले की मोठ्या नळाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वनजमिनीच्या बाबतीत तर हा शब्द कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगलाची जमीन खाणीला, धरणाला, कारखान्याला देणे याला वनजमिनीचे डायव्हर्शन म्हणतात. पण २००६ च्या वनाधिकार कायद्यात त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मेळघाटातल्या कोरकू बांधवांना सांगितली गेली पाहिजे. त्या कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, रस्ता अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत. धारणी-चिखलदऱ्यात 'वनखात्याची परवानगी नाही' म्हणून कामे अडतात, तेव्हा ग्रामसभेने हे कलम पुढे केले पाहिजे.

विषयाचे डायव्हर्शन हा चकव्याचा प्रकार. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. वादाच्या मुळाशी शेतजमीन आणि तिच्यातून हवा असलेला रस्ता होता, आणि स्वाभिमानाने जगणारे एक बौद्ध कुटुंब होते. पण सुरुवातीच्या दिवसांत चर्चा कशाची झाली? चारित्र्याची. पुढे समाज रस्त्यावर उतरला तेव्हा चर्चा झाली ती आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची. नोव्हेंबरात अमरावतीत पोलीस गोळीबारात एकाचा बळी गेला. मुद्दा जातीचा होता, तो चारित्र्यावर वळवला. मग खुनाचा होता, तो कायदा-सुव्यवस्थेवर वळवला. शेवटी २००८ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल आला तेव्हा आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. जात कागदावरून गेलीच.

आणि आता पैसा. हे डायव्हर्शन सगळ्यांत कमी दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबू.

१९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सुरू झाली. तत्त्व साधे होते. राज्याच्या लोकसंख्येत ज्यांचा जेवढा वाटा, तेवढा वाटा त्यांच्या विकासासाठी वेगळा काढायचा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. पुढे नियोजन आयोगाने स्पष्ट सांगितले की हा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही आणि वर्षअखेर व्यपगतही होणार नाही. म्हणजे या निधीच्या व्याख्येतच डायव्हर्शनला बंदी आहे. असे असूनही दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी या निधीतले सहाशे-सातशे कोटी गेले. दलित संघटनांनी माहितीच्या अधिकारात ते उघडकीस आणले आणि तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. झोपडपट्टीच्या नावाचा पैसा स्टेडियमच्या दिव्यांना गेला.

महाराष्ट्रातील ताजे उदाहरण २०२५ चे आहे. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविले गेले. यावर विरोधकांनी ओरड केली असती तर राजकारण म्हणून सोडून देता आले असते. पण येथे स्वतः सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली आणि गरज नसेल तर खातेच बंद करा, अशा आशयाचे उद्गार काढले. मंत्र्यालाच कळले नाही की आपल्या खात्याचा पैसा कोणत्या फाट्याने गेला!

यावर सरकारकडून एक युक्तिवाद येतो, आणि तो आपल्यातल्या काही लोकांनाही पटतो. अनुसूचित जातीच्या महिलाही लाडक्या बहिणी आहेत, त्यांनाच पैसे मिळतात, मग वळवले कुठे? वरवर बरोबर वाटते. पण नीट पाहा. महिन्याला १,५०० रुपये ही योजना जात न पाहता पात्र ठरणाऱ्या सर्व महिलांसाठी आहे. पात्र मराठा भगिनीला, ओबीसी भगिनीला हे पैसे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून मिळतात. मग बौद्ध, मातंग, चर्मकार भगिनीचे पैसे तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या डब्यातून का काढायचे? नागरिक म्हणून सर्वसाधारण तिजोरीवर तिचाही हक्क आहे. विशेष निधी हा त्या हक्काच्या वर होता, त्याच्या बदल्यात नव्हता. एका हाताने आईला दीड हजार दिले आणि दुसऱ्या हाताने मुलाची खोली काढून घेतली, तर त्या घरात नेमके काय आले?

हिशेब करून पाहू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. तिच्यातला सर्वांत मोठा दर, मुंबई-पुण्यासारख्या शहरांचा, वर्षाला ६० हजार रुपये ठेवलेला होता. ४१० कोटी ३० लाखांना ६० हजारांनी भागले तर ६८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे एक वर्ष निघते. अमरावती विद्यापीठाच्या परिसरात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाभोवती खोली करून राहणारी, स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहत मेसवाल्याकडे उधारी वाढवणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी अशी मागणी होती. त्यातूनच १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वाट तयार झाली. त्यांनी वेगळा डबा मागितला, कारण सर्वसाधारण डब्यातले आपल्यापर्यंत पोहोचत नाही हा अनुभव होता. तो वेगळा डबा आज सर्वसाधारण खर्चासाठी उघडला जातो आहे.

गावपातळीवर हेच चित्र लहान आकारात दिसते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी येतो, आणि सिमेंटचा रस्ता वस्तीच्या तोंडाशी थांबून भलतीकडेच वळतो. समाजमंदिर मंजूर होते वस्तीसाठी आणि बांधले जाते दुसऱ्याच आळीत. या तक्रारी वऱ्हाडात गावोगाव ऐकायला मिळतात. येथे तर डायव्हर्शन सिमेंटमध्येच कोरलेले असते.

अविभाजित आंध्र प्रदेशाने २०१३ च्या सुरुवातीला या उपयोजनेचा कायदा केला, त्याच वर्षी कर्नाटकानेही केला. कायदा केला म्हणजे सगळे झाले असे समजू नये. कर्नाटकाच्या कायद्यात एक कलम असे होते की सर्वसाधारण रस्ता-पुलावरचा खर्चही अनुसूचित जातींवरचा खर्च 'मानला' जाई. ते कलम २०२३ मध्ये रद्द झाले, पण त्याच वर्षी तेथील गॅरंटी योजनांसाठी या उपयोजनांतून अकरा हजार कोटींहून अधिक रक्कम लावली गेली. सत्तेवर कोणताही पक्ष असो, पेटी तीच दिसते. महाराष्ट्रात २०२५ मध्ये निधी वळवला गेला तेव्हा तर असा कायदाही नव्हता. कायद्याची मागणी मात्र फार जुनी आहे. कायदा करताना कर्नाटकाची ती पळवाट आधीच बुजवावी लागेल.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करता येते. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक खात्याखाली ७८९ हे लघुशीर्ष असते, ते अनुसूचित जातींच्या घटक योजनेचे. आदिवासींचे ७९६. कोणत्या खात्याने ७८९ खाली किती दाखवले, किती दिले आणि किती खर्च झाले, हे शिकलेल्या कोणत्याही पोराला काढता येते. बीम्स या सरकारी संकेतस्थळावर मंजूर आणि वितरित रकमा पाहता येतात. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात अनुसूचित जाती उपयोजना वेगळी असते. मार्च महिना लागला की 'पुनर्विनियोजन' या नावाचा कागद निघतो. बहुतेक वळणे त्याच कागदावर घेतली जातात. अमरावती आणि अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी एप्रिलमध्ये जयंतीच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी, मार्चमध्ये त्या कागदाची प्रत मागण्यासाठी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज दिला पाहिजे.